घाटात भरलेली गाडी उचलताना: मॅन्युअल आणि ऑटोमॅटिक ट्रकमधलं हिल स्टार्ट असिस्ट

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. चाकणहून कोल्हापूर-बेळगावकडे माल नेणाऱ्या तुमच्या गाड्यांत आता बीएस-६ च्या नव्या गाड्या आल्यात, काही मॅन्युअल, काही ऑटोमॅटिक. दोन्हींत हिल स्टार्ट असिस्ट आहे. जुने ड्रायव्हर ते बटण बंद ठेवतात आणि 'गाडी अडते' म्हणतात. नवी पोरं त्याच्यावरच भिस्त ठेवतात, आणि खंबाटकी घाटातल्या कोंडीत एक गाडी मागे येऊन कारच्या बॉनेटला लागली. वर ऑटोमॅटिक गाडीत क्लच जळल्याचा वास येतो अशी तक्रार. तेव्हा हे चालू ठेवायचं की बंद, आणि वापरायचं कसं?

चालू ठेवायचं. पण ड्रायव्हरला एक गोष्ट आधी पक्की समजावून द्या: ही यंत्रणा चढावर गाडी 'उचलत' नाही आणि गाडी 'थांबवून ठेवणं' हेही तिचं काम नाही. ब्रेकवरचा पाय ॲक्सिलेटरवर जाईपर्यंत मधे जो रिकामा वेळ जातो, तेवढा वेळ ती ब्रेक धरून ठेवते. बहुतेक गाड्यांत हा वेळ दोन-तीन सेकंदांचा असतो. तेवढ्यात इंजिनाने लोड घेतला तर गाडी सरळ पुढे निघते. नाही घेतला तर ब्रेक सुटतो आणि गाडी मागे येते. तुमच्या दोन्ही तक्रारी, 'अडते' आणि 'मागे येते', या एकाच गोष्टीतून येतात: इंजिनाने लोड घेणं आणि ब्रेक सुटणं यांचा मेळ बसत नाही.

मी आधी बरीच वर्षं मल्टिॲक्सल गाड्या चालवल्या, आता ड्रायव्हर शिकवतो. शिकवताना पहिल्यांदा मी आकडे सांगतो, कारण आकडे कळले की पाय आपोआप सावध होतो. डोंगरी रस्त्यांसाठी इंडियन रोड्स काँग्रेसची प्रमाणकं साधारण ५ ते ६ टक्के चढ धरतात, अडचणीच्या जागी त्याहून जास्त. ५ टक्के म्हणजे शंभर मीटर पुढे गेल्यावर पाच मीटर वर. २०१८ मध्ये ॲक्सल लोड वाढवले, त्याप्रमाणे तीन ॲक्सलची दहा चाकी गाडी २८.५ टनांना पास आहे. अशी गाडी ५ टक्के चढावर उभी असेल तर तिला मागे ओढणारा जोर १,४०० किलोच्या घरात जातो. ५५ टनांचा ट्रेलर ६ टक्क्यांवर उभा असेल तर हाच जोर ३,३०० किलो. हा जोर सतत लागलेला असतो, ब्रेक सुटायची वाट बघत.

आता ब्रेक सुटला आणि इंजिनाने काहीच ओढलं नाही असं धरा. ५ टक्के चढावर पहिल्या सेकंदात गाडी वीतभर मागे येते. दोन सेकंदांत पावणेतीन फूट. तीन सेकंदांत सहा फूट. पहिली वीत ड्रायव्हरला केबिनमध्ये जाणवतही नाही, आणि नेमकी तेवढ्यात मागे चिकटून उभी असलेली मोटारसायकल गाडीखाली सापडू शकते. आणखी एक बाब नव्या पोरांना पटत नाही: रिकामी गाडी आणि भरलेली गाडी साधारण सारख्याच वेगाने मागे येतात. फरक पडतो तो त्यांना परत थांबवताना आणि मागच्याला धक्का बसताना.

ही यंत्रणा ब्रेक धरते कशी, ते समजलं की तिच्या मर्यादाही समजतात. आपल्या ट्रकचा चालता ब्रेक हवेवर लागतो. पेडल दाबलं की टाकीतली हवा ब्रेक चेंबरमध्ये जाते आणि चाकं धरली जातात. पेडल सोडलं की ती हवा बाहेर पडते. हिल स्टार्ट असिस्टमध्ये या वाटेवर एक विजेवर चालणारा व्हॉल्व्ह असतो. गाडी पूर्ण थांबली आहे हे एबीएसचे (ब्रेक मारताना चाकं लॉक होऊ न देणाऱ्या यंत्रणेचे) चाकावरचे सेन्सर सांगतात, ब्रेक दाबलेला आहे हे पेडलचा स्विच सांगतो, गेअर पडलाय आणि क्लच दाबलाय हेही कळतं. या अटी जुळल्या की तुम्ही पाय काढला तरी व्हॉल्व्ह चेंबरमधली हवा कोंडून ठेवतो. मग इंजिनाचा जोर पुरेसा आला की, किंवा ठरलेली वेळ संपली की, हवा सोडतो. तो 'फुस्स' आवाज कान देऊन ऐकायला शिकवा. काच थोडी खाली असेल तर स्वच्छ ऐकू येतो, आणि डॅशबोर्डवरच्या दिव्यापेक्षा तो जास्त कामाचा आहे, कारण त्या क्षणी नजर आरशात असायला हवी.

यातून पहिली मर्यादा निघते, आणि माझ्या मते सगळ्यात जास्त घोटाळा इथेच होतो. साध्या, एबीएसवर चालणाऱ्या यंत्रणेत व्हॉल्व्ह फक्त कोंडतो, नवी हवा भरत नाही. म्हणजे पाय काढताना तुम्ही जेवढा ब्रेक दाबला होता, तेवढाच धरला जातो. कोंडीत ड्रायव्हर थकलेला असतो, पाय पेडलवर नुसता टेकवलेला असतो. गाडी उभी राहते खरी, पण जेमतेम. अशा वेळी पाय काढला तर कोंडलेली हवाही जेमतेमच, आणि दिवा लागलेला असूनही गाडी हळूहळू सरकते. मग ड्रायव्हर म्हणतो, 'असिस्ट चालू होतं तरी मागे आली.' खरंच चालू होतं. म्हणून निघण्याआधी पेडल एकदा नीट, ठामपणे खाली दाबायचं, दिवा लागला का बघायचं, आणि मगच पाय उचलायचा. एवढ्या एका सवयीने तुमच्या अर्ध्या तक्रारी मिटतील.

दुसरी मर्यादा: काही गाड्यांत फक्त मागच्या, म्हणजे ओढणाऱ्या ॲक्सलचेच ब्रेक धरले जातात. डांबरी कोरड्या रस्त्यावर तेवढं पुरतं. पण खडी-क्रशरच्या वाटेवर, पावसाळ्यात लाल मातीच्या चिखलात, टिपर उभा असेल तर चाकं धरलेली असूनही गाडी घसरू शकते. आणि घसरताना धरलेलं चाक फिरत नसल्यामुळे त्याच्या सेन्सरला वाटतं गाडी उभीच आहे. अशा जागी असिस्टचं बटण असेल तर बंद करा आणि हँडब्रेकवरून गाडी उचला. बटण बंद ठेवायला मी सांगतो तो एवढाच प्रसंग.

आता मॅन्युअल गाडी. आपल्याकडे अजूनही बहुतेक ट्रक मॅन्युअलच आहेत, म्हणून इथे जरा सविस्तर लिहितो.

चढावर उभी भरलेली गाडी पहिल्या गेअरमध्येच उचलायची. नऊ गेअरचा बॉक्स असेल आणि चढ खडा असेल तर क्रॉलर, म्हणजे पहिल्याच्याही खालचा गेअर. सपाटीला दुसऱ्यात उचलायची सवय झालेली असते, घाटातही हात दुसऱ्याकडे जातो, आणि मग क्लचवर सगळा भार येतो. क्लच पूर्ण दाबलेला, गेअर पडलेला, ब्रेक ठाम दाबलेला, अशी सुरुवात करायची. मग ब्रेकवरचा पाय तसाच ठेवून क्लच हळूहळू उचलायचा, तो पकडायला लागेपर्यंत. ही जागा कशी ओळखायची? इंजिनाचा आवाज किंचित जड होतो, आरपीएमचा काटा जरासा खाली बसतो, आणि केबिनचं नाक हलकंसं उचलल्यासारखं होतं. आजच्या कॉमन रेल इंजिनांत आयडलला कॉम्प्युटर स्वतःच डिझेल वाढवतो, त्यामुळे इतक्यात इंजिन बंद पडत नाही. इथे क्लचचा पाय थांबवायचा. आता उजवा पाय ब्रेकवरून उचलून ॲक्सिलेटरवर न्यायचा, हळूच हजार-बाराशे आरपीएमपर्यंत न्यायचं, आणि गाडी पुढे ओढायला लागली की क्लच पूर्ण सोडायचा.

बहुतेक पोरं याच्या उलटं करतात, तेही असिस्टवर विसंबून. आधी ब्रेक सोडतात, मग ॲक्सिलेटर देतात, मग सावकाश क्लच उचलतात. असिस्टचं घड्याळ ब्रेकवरचा पाय उचलल्याबरोबर सुरू होतं, क्लच उचलल्यावर नाही. क्लच पकडायच्या आत दोन सेकंद संपतात, हवा सुटते, गाडी मागे येते, घाबरून ते क्लच झटकन सोडतात, आणि इंजिन धक्का खाऊन बंद पडतं. असं झालं तर काय करायचं हेही आधीच शिकवून ठेवा: दोन्ही पाय खाली, ब्रेक आणि क्लच, लगेच हँडब्रेक ओढायचा, मग शांतपणे इंजिन चालू. चढावर बंद पडलेली गाडी मागे येत असताना फक्त किल्लीशी झटापट करू नये.

'गाडी अडते' ही जुन्या ड्रायव्हरांची तक्रार खोटी नाही, पण तिचं कारण त्यांना वाटतं त्याहून वेगळं आहे. त्यांचा पाय तयार आहे, हाफ क्लचवर, म्हणजे क्लच अर्धवट पकडलेला ठेवून, गाडी उचलायची कला त्यांच्या अंगात मुरलेली आहे. क्लच उचलताना त्यांना ब्रेक धरलेला जाणवतो, आणि ते आणखी रेस देतात. इंजिनाचा जोर पुरेसा आला की यंत्रणा ब्रेक सोडते, मग साठलेली रेस एकदम बाहेर येते आणि गाडी उडी मारते. त्यांना सांगायचं ते इतकंच, की रेस न वाढवता क्लच आणखी अर्धा इंच उचला. इंजिनाने खरंच लोड घेतला की ब्रेक सुटतो. दोन-चार दिवसांत हे जमतं. जमल्यावर तेच ड्रायव्हर बटण चालू ठेवतात, असा माझा अनुभव आहे. मात्र ब्रेक सुटल्यावरही गाडी जड वाटत असेल, चाकाचा ड्रम हाताला इतर ड्रमांपेक्षा गरम लागत असेल, तर ती ड्रायव्हरची कल्पना समजू नका. व्हॉल्व्ह अडकतोय किंवा ब्रेक लायनर घासतंय, गाडी वर्कशॉपला दाखवा.

हाफ क्लचवर गाडी चढावर तोलून धरायची सवय मात्र मोडायलाच हवी. २८.५ टनांची गाडी ५ टक्के चढावर पहिल्या गेअरमध्ये, हजार आरपीएमला, नुसती क्लचवर उभी धरली तर क्लच प्लेटमध्ये बारा-पंधरा किलोवॉट उष्णता तयार होते. घरातले सात-आठ गीझर एकदम चालू केल्यावर होते तेवढी, आणि तीही क्लचच्या बंद कवचाच्या आत, पाण्याशिवाय. दुसऱ्या गेअरमध्ये हेच केलं तर आकडा दीडपटीच्या वर जातो. वास यायला अर्धा मिनिटही पुरतं. वास आला याचा अर्थ लायनिंग चकाकायला लागलं, आणि चकाकलेली प्लेट पुढच्या चढावर आणखी घसरते. हिल स्टार्ट असिस्टचा मालकाला खरा फायदा इथे आहे: ते नीट वापरलं तर ड्रायव्हरला हाफ क्लचवर गाडी धरायची गरजच उरत नाही.

हँडब्रेकवरून गाडी उचलणं हे मी प्रत्येकाला शिकवतो, गाडीत असिस्ट असो वा नसो. ट्रकच्या हँडब्रेकला स्प्रिंग असते. हवा असते तोवर स्प्रिंग दाबून ठेवलेली असते, हवा काढली की स्प्रिंग ब्रेक लावते. म्हणून हवा गळाली तरी हँडब्रेक लागलेलाच राहतो, आणि म्हणूनच थांबून राहण्यासाठी तोच विश्वासाचा. पण तो सोडताना हवा परत भरायला वेळ लागतो, लिव्हर सोडल्यावर क्षणभर गाडी धरलेलीच असते. ट्रेलर असेल तर मागच्या चाकांपर्यंतची नळी लांब, तिथे आणखी जरा उशीर. तेव्हा क्लच पकडवायचा, थोडी रेस द्यायची, लिव्हर सोडायचा, आणि हवा भरून चाकं मोकळी होईपर्यंत पाय तसाच धरायचा. लिव्हर सोडला आणि गाडी हलली नाही म्हणून रेस वाढवायची नाही.

मग असिस्ट कधी आणि हँडब्रेक कधी? मी साधा नियम सांगतो. पुढची गाडी हललेली दिसतेय आणि आपण लगेच निघणार, तेव्हा असिस्ट. पुढे नुसती कोंडी आहे, कधी हलेल माहीत नाही, तेव्हा हँडब्रेक. चढ नेहमीपेक्षा खडा वाटतोय, दिवा लागत नाहीये, हवेचा काटा खाली आलाय, एबीएसचा पिवळा दिवा पेटलाय, यातलं काहीही असेल तर हँडब्रेक. एबीएसचा दिवा आणि असिस्ट यांचा संबंध ड्रायव्हरना माहीत नसतो. चाकाचा सेन्सर बिघडला की यंत्रणेला गाडी थांबली की नाही तेच कळत नाही, मग ती स्वतःला बंद करून घेते. 'एबीएसचा दिवा तर कायमच पेटलेला असतो' म्हणून दुर्लक्ष करणाऱ्या गाडीत हिल असिस्टही गेलेलं असतं, आणि ते समजतं थेट घाटात.

आता ऑटोमॅटिक. तुमच्या गाड्या बहुधा एएमटी असतील, कारण आपल्याकडे मालवाहू ट्रकांत 'ऑटोमॅटिक' म्हणून जे येतं ते मुख्यतः हेच. व्होल्वोचा आय-शिफ्ट किंवा स्कॅनियाचा ऑप्टिक्रूझ याच जातीतले. एएमटीमध्ये गेअरबॉक्स मॅन्युअलसारखाच, क्लचही तसाच कोरडा. फक्त क्लचचं पेडल नाही, ते काम कॉम्प्युटर करतो. हे ड्रायव्हरला चित्र काढून दाखवा. कारण ऑटोमॅटिक कार चालवलेली पोरं समजतात की 'डी' मध्ये ठेवलं की गाडी चढावर आपोआप उभी राहील. टॉर्क कन्व्हर्टरच्या कारमध्ये तेलाच्या प्रवाहाने गाडी थोडी पुढे ओढली जाते, म्हणून हलक्या चढावर ती उभी राहते. एएमटी ट्रकमध्ये गाडी थांबली की कॉम्प्युटर क्लच सोडवून ठेवतो. ब्रेक सुटला तर ती 'डी' मध्ये असूनही सरळ मागे येते.

तुमच्या वासाच्या तक्रारीचं मूळही इथेच असावं. घाटातल्या कोंडीत ड्रायव्हर ॲक्सिलेटर पाव-अर्धा दाबून गाडी तोलून धरतो. मॅन्युअलमध्ये निदान डाव्या पायाला क्लच कळत असतो. इथे काहीच कळत नाही, आणि कॉम्प्युटर बिचारा सांगितल्याप्रमाणे क्लच घसरवत राहतो. आधी डॅशबोर्डवर क्लच गरम झाल्याची सूचना येते, मग वास. सूचना आली की एकच करायचं: हँडब्रेक लावा, न्यूट्रल करा, क्लचला थंड होऊ द्या. मागे हॉर्न वाजले तरी. तशीच गाडी ढकलत नेली तर भर घाटात ती जागेवर बसते, आणि मग क्रेन येईपर्यंत सगळ्या साताऱ्याच्या वाहतुकीला ती अडवून धरते.

एएमटीमध्ये चढावरून निघायची रीत मॅन्युअलपेक्षा सोपी आहे, पण तिला मन घट्ट लागतं. ब्रेक ठाम दाबा. असिस्टचा दिवा बघा. पाय उचला आणि थेट ॲक्सिलेटरवर, घुटमळू नका. पेडल एका चालीने, पुरेसं खाली दाबा. झटका देऊन नाही, पण चाचपडतही नाही. कॉम्प्युटर क्लच जोडतो, इंजिनाचा जोर मोजतो, ब्रेकची हवा सोडतो, गाडी निघते. तुम्ही पेडलवर नुसता पाय टेकवून वाट बघत राहिलात तर जोर पुरेसा येत नाही, इकडे दोन सेकंद संपतात. नव्या ड्रायव्हरचा हात इथेच कापतो, त्याला वाटतं जास्त दाबलं तर गाडी पुढच्यावर आदळेल. भरलेला ट्रक चढावर असा उसळत नाही, पहिल्या गेअरमध्ये तर नाहीच. हे सांगून पटत नाही, रिकाम्या रस्त्यावरच्या चढावर करून दाखवावं लागतं.

गेअर कॉम्प्युटर निवडतो, पण त्याच्या निवडीवर लक्ष ठेवा. गाडीचं वजन किती हे तो बहुधा गाडी चालत असताना, इंजिन किती ओढतंय त्यावरून ताडतो. माल भरून गोदामातून बाहेर पडताना त्याच्याकडे अजून नवा अंदाज नसतो, रिकाम्या गाडीचाच हिशेब असू शकतो. गोदामाबाहेरच चढ असेल तर तो दुसरा-तिसरा गेअर निवडतो आणि क्लचला त्रास होतो. डॅशबोर्डवर गेअरचा आकडा दिसतो. तो बघा, आणि जास्त वाटला तर मॅन्युअल मोडमध्ये जाऊन हाताने पहिला घ्या. घाटातल्या कोंडीतही मी मॅन्युअल मोडमध्ये पहिला धरून ठेवायला सांगतो. नाहीतर दहा मीटर जाण्यासाठी कॉम्प्युटर उगाच वरचा गेअर टाकतो आणि लगेच परत काढतो.

मायनिंगचे काही टिपर आणि बसगाड्या खऱ्या टॉर्क कन्व्हर्टरवर चालतात. तिथे क्लच प्लेट जळण्याचा प्रश्न नाही, पण ॲक्सिलेटरवर गाडी तोलून धरली तर गेअरबॉक्सचं तेल तापतं. तिथेही रीत तीच: उभं राहायचं ते ब्रेकवर.

मॅन्युअल असो की ऑटोमॅटिक, खंबाटकीसारख्या कोंडीत सगळ्यात मोठा फरक पडतो तो अंतराने. पुण्याकडून चढताना पारगाव-खंडाळ्याच्या पुढे रांग लागली की प्रत्येक जण पुढच्याच्या मागे चिकटतो, आणि पुढची गाडी दोन मीटर सरकली की आपणही दोन मीटर. प्रत्येक वेळी गाडी उचलायची, प्रत्येक वेळी क्लच, प्रत्येक वेळी असिस्ट, प्रत्येक वेळी मागे यायचा धोका. त्याऐवजी हँडब्रेक लावून उभे राहा, पुढे एका ट्रकच्या लांबीएवढी जागा होऊ द्या, मग एकदाच उचला आणि क्लच पूर्ण सोडून तेवढं अंतर चाला. मधे एखादी कार घुसेल. घुसू द्या. एक कार पुढे गेल्याने कोल्हापूरला पोचायला उशीर होत नाही, पण क्लच वाचतो आणि ड्रायव्हरचा गुडघाही.

मागच्या बाजूचंही बघा. भरलेल्या ट्रकच्या मागे चढावर वीतभर अंतर ठेवून उभे राहणारे कारवाले आणि मोटारसायकलवाले ही आपल्याकडची खरी काळजीची गोष्ट आहे. निघण्याआधी दोन्ही आरसे बघायचेच, पण बरोबर मागचं आरशात दिसत नाही. क्लीनर असेल तर त्याला खाली उतरवून मागे नजर टाकायला लावा. पण चाकाला दगड लावायला नको, आणि लावलाच तर उचलून रस्त्याच्या कडेला टाकल्याशिवाय निघायचं नाही. घाटात रस्त्यावर राहिलेल्या अशा दगडांवर रात्री मोटारसायकली आदळतात. तुमच्या गाडीत लाकडी किंवा रबरी ठोकळे दोरीने बांधून ठेवा, म्हणजे ते मागे राहत नाहीत.

एक गोष्ट तुमच्या नियमातच घालून टाका: असिस्टवर गाडी उभी असताना केबिनमधून उतरायचं नाही. हवा कोंडलेली असते ती काही सेकंदांसाठी. काही गाड्यांत आधी बझर वाजतो, काहींत नाही. ताडपत्री सैल झाली, दोरी बघायचीय, चहावाल्याने हाक मारली, काहीही असो: आधी हँडब्रेक, मग दार. चढावर उभं करायचंच असेल तर चाकाला ठोकळाही.

उताराला या यंत्रणेचा काही उपयोग नाही हेही स्पष्ट सांगा. मला एकाने विचारलं होतं, 'हिल असिस्ट आहे मग उताराला न्यूट्रल केलं तर चालेल ना?' अजिबात नाही. हिल स्टार्ट असिस्ट फक्त उभी गाडी निघेपर्यंत काम करतं. कात्रजच्या नव्या बोगद्याकडून नवले पुलाकडे येणाऱ्या उतारावर न्यूट्रलमध्ये गाडी सोडण्याने कसे अपघात होतात हे पुणेकरांना सांगायला नको. चढताना ज्या गेअरमध्ये चढाल त्याच्या आसपासच्याच गेअरमध्ये उतरायचं, इंजिन ब्रेक लावून.

देखभालीत तुम्ही मालक म्हणून तीन गोष्टींकडे लक्ष द्या. पहिली हवा. कॉम्प्रेसरमधून तेल आणि पाणी टाकीत जातं, एअर ड्रायरचं कार्ट्रिज वेळेवर बदललं नाही तर ते व्हॉल्व्हपर्यंत पोचतं, आणि असिस्टचा व्हॉल्व्ह चिकटायला लागतो. रोज सकाळी टाकीचा ड्रेन कॉक ओढून बघायला सांगा. पाणी, तेलकट चिखल निघाला तर कार्ट्रिजची वेळ झाली. दुसरी, चाकाचे सेन्सर: ड्रम उघडून लायनर बदलल्यावर मेस्त्री सेन्सर नीट आत दाबून बसवत नाही, मग तो दूर राहतो आणि एबीएसचा दिवा पेटतो. लायनरचं काम झालं की दिवा विझलाय हे बघूनच गाडी ताब्यात घ्या. तिसरी, ब्रेक पेडलचा स्विच. मागचे ब्रेक लाइट कधी लागतात कधी नाही असं दिसलं तर तो स्विच आधी तपासायला सांगा.

शिकवायचं कुठे? घाटात नाही. ट्रान्सपोर्ट नगरात किंवा एखाद्या मोकळ्या प्लॉटच्या फाटकाशी थोडा चढ असतोच. मागे काही नाही, कोणी नाही, अशी जागा बघा. आधी रिकामी गाडी. ड्रायव्हरला ब्रेक ठाम दाबायला लावा, गेअरात ठेवून पाय उचलायला लावा, आणि ॲक्सिलेटर न देता नुसतं मोजायला लावा: किती सेकंदांनी हवा सुटते. उजवा पाय ब्रेकजवळच ठेवायचा. प्रत्येक मॉडेलचं घड्याळ वेगळं असतं, तुमच्या ताफ्यात दोन-तीन मॉडेलं असतील तर ड्रायव्हर एकावर शिकून दुसऱ्यावर बसतो आणि तिथे फसतो. प्रत्येक गाडीचे सेकंद केबिनमध्ये चिकटवून ठेवले तरी चालेल. मग पेडल हलकं दाबून आणि ठाम दाबून, दोन्ही प्रकारे पाय उचलायला लावा. फरक एकदा डोळ्यांनी बघितला की परत सांगावा लागत नाही. यानंतर भरलेल्या गाडीवर हेच सगळं, आणि शेवटी असिस्ट बंद करून हँडब्रेकवरून. ज्याला हँडब्रेकवरून इंचभरही मागे न येता भरलेली गाडी उचलता येते, त्यालाच घाटाच्या फेरीला पाठवा. गाडीचं पुस्तक डॅशबोर्डच्या कप्प्यात असतं, त्यात या यंत्रणेचं पान शोधून त्याचा फोटो ड्रायव्हरच्या मोबाइलवर पाठवा. बटण कुठे आहे, रिव्हर्समध्ये ती काम करते की नाही, दिव्याचं चिन्ह कसं आहे, हे कंपनीगणिक बदलतं आणि ते तिथेच नेमकं मिळतं.